स्ट्रेचर कोणत्या आवाजात मागायचं?

मेश्रामकाकांनी साप आहे असं सांगितलं तेव्हा आमच्यातला एकही जण जागचा हलला नाही.

वस्तीची बैठक चालू होती. मी उभी राहून बोलत होते, म्हणजे खरं तर किंचाळत होते, कारण माझं बोलणं तेच आहे. भिंतीला टेकून बसलेल्या काकांनी हात वर केला. माझं वाक्य संपेपर्यंत थांबले. संपल्यावरही एक श्वासभर थांबले. मग बँकेत टोकनचा नंबर पुकारावा तशा आवाजात म्हणाले, "पाण्याच्या पिंपामागं साप आहे. शोभाताईच्या पायाजवळ. धामण वाटते. बाकी चालू द्या."

आणि आम्ही खरोखर चालू दिलं! शोभाताईंनी स्वतः खाली बघितलं, तेव्हा कुठं बैठक उठली, ती थेट रेल्वेच्या रुळांपर्यंत पळत गेली.

"अहो काका, जरा ओरडायचं ना!" मी धापा टाकत म्हणाले.

"सांगितलं ना. काय आहे, कुठं आहे, कोणाजवळ आहे. अजून काय पाहिजे होतं?"

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, दारातून म्हणाल्या, "तू नवीन आहेस पोरी. आमच्या लग्नात मांडवाला आग लागली, ती यांनी अशीच सांगितली होती. लोक म्हणाले, नवरदेव थट्टा करतो आहे. माझ्या मावशीचा शालू जळला तेव्हा पटलं सगळ्यांना."

देवाजी मेश्राम. भंडाऱ्याकडचे. कोवळ्या वयात फौजेत गेले, वायरलेसवर होते, लढाई बघून आले, मग खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. राहायला कारखान्यामागच्या आमच्या रूळकाठ वस्तीत, दीड खोलीत. 'आमच्या' म्हणते, पण मी नारायण पेठेतली. संघटनेच्या कामासाठी खडकीला जायला लागले आणि तिथलीच झाले. पन्नास वर्षं पुण्यात काढूनही काकांचं 'काऊन' आणि 'बाप्पा' सुटलं नव्हतं. सुटलं नव्हतं ते आणखी एक: वायरलेसवर बोलण्याची सवय. वायरलेसवर एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही जातं. त्यामुळं काका कुणाचंही बोलणं मध्ये तोडत नसत. समोरच्याचं संपलं की एक श्वास थांबायचे, अजून काही येतंय का बघायचे, मग बोलायचे. पुण्यात असा माणूस! इथं माणसं दुसऱ्याचं पहिलं अक्षर ऐकून आपलं तिसरं वाक्य सुरू करतात. काकांचा तो एक श्वास भरायच्या आत विषय बदललेला असायचा, आणि वस्तीतल्या निम्म्या लोकांची समजूत होती की मेश्राम मुके नसले तरी त्याच्या जवळपास आहेत.

वायर जमिनीवर लोळताना दिसली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. केबलवाल्यानं टाकलेली, मंडपवाल्यानं विसरलेली, कुणाचीही असो. वाकायचे, उचलायचे, भिंतीच्या कडेनं न्यायचे, खांबाला एक गाठ मारून पुढं थोडी सैल सोडायचे. "ओढ बसली तर गाठीवर बसली पाहिजे, जोडावर नाही," असं पुटपुटायचे. आणि निरोप दिला की तो समोरच्याकडून परत वदवून घ्यायचे. मी एकदा वैतागून म्हणाले, "काका, मी एम. ए. आहे." एक श्वास. मग, "असू दे. परत सांग."

आता गेटबद्दल. कारण हे सगळं लिहायला बसले ती त्या गेटमुळं.

वस्तीतून मोठ्या रस्त्याला जायला एक जुनी गल्ली आहे. कारखान्याचे कामगार तिथून जायचे-यायचे, त्यांच्या बापांच्या काळापासून. गल्लीच्या तोंडाशी फ्लॅटचे टॉवर उभे राहिले. टॉवरवाल्यांनी एके दिवशी गल्लीत रूळ बसवून लोखंडी सरकतं गेट टाकलं. सुरक्षेसाठी! सकाळी धुणंभांडी करायला वस्तीतल्या बायका पाहिजेत, तेव्हा गेट पास बघून उघडायचं. बायकांच्या हातांपासून सुरक्षेला धोका नव्हता. बाकी दिवसभर बंद. आम्हाला वळसा पडला तो असा की रिक्षावाले नाक मुरडायचे आणि ॲम्ब्युलन्सला वस्तीमागच्या बोळात शिरताच यायचं नाही. मी वर्षभर पत्रकं काढली. टॉवरच्या सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी एकदा पत्रक वाचून माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, "छान लिहिता ताई आपण. एवढी उद्गारचिन्हं एकाच दुकानातून घेता का?"

मग तात्यांचं झालं. तात्या म्हणजे शोभाताईंचे सासरे. भर दुपारी जेवता जेवता तोंड वाकडं झालं, हातातला घास पडला. ॲम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यावर येऊन उभी राहिली, गेटच्या पलीकडं. पोरांनी तात्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गेटपर्यंत आणलं. सगळे घाबरलेले. म्हणून बोलायला पुढं झाले मेश्रामकाका. वॉचमनला म्हणाले, "पेशंट आहे. अर्धांगवायू वाटतो. गेट उघडा."

वॉचमननं चेअरमनना फोन लावला. तो पोरगा बिहारचा, भला होता, त्यानंच पुढं आम्हाला सांगितलं. साहेबांनी विचारलं, "तिथं आरडाओरडा चालू आहे का?" तो म्हणाला, "नाही साहब, एक बुजुर्ग आहेत, आरामात बोलतायत." साहेब म्हणाले, "मग त्यांना वळसा घालून जायला सांग. उगाच पायंडा नको."

खुर्ची सगळा वळसा घालून गेली. तात्या वाचले. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

त्या संध्याकाळी काका घराबाहेरच्या दगडावर बसून होते. मी पुढच्या पत्रकाचा मजकूर वाचून दाखवत होते आणि ते ऐकत नव्हते. "परत तेच झालं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, गेटबद्दल बोलतायत.

आणि अशा वेळी, वाचकहो, टॉवरवाल्यांचं निमंत्रण आलं! स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन, प्रमुख पाहुणे लढाईतले माजी सैनिक देवाजी मेश्राम. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की गेटच्या पलीकडं एक शूर माणूस राहतो. शूर माणूस पलीकडं राहतो हे कळलं, आजारी माणूसही पलीकडंच राहतो हे काही कळलं नाही. चेअरमन स्वतः आले. शाल, नारळ, सगळं होईल म्हणाले. "आपण चार शब्द बोलावेत. पराक्रमाचे. मुलांना प्रेरणा मिळते."

काकांनी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "येतो."

मी पेटले! साहेब वळणावरून दिसेनासे होईपर्यंतही थांबले नाही. "काका, लाज वाटत नाही? तात्यांना ज्यांनी परत पाठवलं त्यांची शाल घेणार तुम्ही? हे तुमचा फोटो काढतील आणि गेटवर लावतील. उद्या मी कुठल्या तोंडानं पत्रक वाटू? तुम्हाला वापरतायत ते, कळतंय का?" असं बरंच. सगळं लिहीत नाही.

मी थांबल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "झालं बोलून?"

"झालं."

"त्यांचा माईक चांगला आहे का गं?"

"काय?"

"माईक. वायरचा आहे का बिनवायरचा?"

मी रागानं निघून गेले. सुमनकाकू मागून म्हणाल्या, "पोरी, चिडू नको. यांच्या डोक्यात काय चाललंय ते मलाही आग लागल्यावरच कळतं."

पंधरा ऑगस्टला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, छातीवर लढाईवर गेलेल्या सगळ्यांना मिळतं तेवढं एक मेडल लावून निघाले. चेअरमननी गाडी पाठवतो म्हटलं होतं. काका म्हणाले, मी घरून चालत येईन. त्यामुळं गेट उघडावं लागलं. त्यांच्यापुरतं. ते आत गेले आणि गेट सरकत बंद झालं. आम्ही वस्तीतले सगळे गजांच्या अलीकडं, धुतलेल्या कपड्यांत, आपल्याच माणसाचा सत्कार फटींतून बघायला. शोभाताईंनी तात्यांना खुर्चीतून आणलं होतं.

काकांनी झेंडा चढवला. राष्ट्रगीत झालं. ते सलाम करून उभे होते तेव्हा त्यांचं वय कुणाला सांगता आलं नसतं, हे मी, कुठल्याही सलामानं सहसा न हलणारी बाई, लिहून ठेवते. मग त्यांना माईक दिला. वायरचा होता. ते माईक घेऊन बोलायला उभे राहतील असं सगळ्यांना वाटलं, आणि ते चालायला लागले! माईक हातात, वायर मागं सरपटतेय, माऊली स्टेज उतरून गेटकडं निघाली! वायर कमी पडली. साउंडवाल्या पोराला म्हणाले, "अजून आहे का?" त्यानं दुसरी आणून जोडली. काका प्रमुख पाहुण्याचा पाहुणेपणा विसरून वाकले. वायर भिंतीच्या कडेनं नेली, गेटच्या खांबाला एक गाठ मारली, पुढं थोडी सैल सोडली. वॉचमनला म्हणाले, "उघड." कार्यक्रमाच्या पाहुण्याला नाही कोण म्हणणार? गेट सरकलं. काका गेटचा रूळ ओलांडून आमच्या बाजूला आले, वळले, टॉवरकडं तोंड केलं आणि माईकमध्ये म्हणाले,

"मी माझ्या घराकडून बोलतो. ऐकू येतंय का? मागच्यांनी हात वर करा."

तीनचारशे खुर्च्या गर्रकन फिरल्याचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. मी ऐकलाय. चेअरमन वॉचमनच्या कानाला लागले. वॉचमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहब, बंद कैसे करूँ? वायर कट जाएगी. करंट है."

पुढचं काकांनी भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मला तसं सांगता येणार नाही. मी माझ्या आवाजात सांगते.

एकाहत्तरची लढाई, पूर्वेकडची सरहद्द. भाताची खाचरं आणि मधोमध रेल्वेचा उंच भराव. भरावाला टेकून आपलं पायदळ, समोर शत्रू. आपल्या तोफा खूप मागं, त्यांना समोरचं काहीही दिसत नाही. म्हणून तोफखान्याचा एक कॅप्टन भरावावर पालथा पडून दुर्बिणीतून बघणार, गोळा कुठं पडला ते सांगणार, आणि शेजारचा पोरगा पाठीवरच्या वायरलेसवरून ते मागं कळवणार: उजवीकडं शंभर, अलीकडं पन्नास. तो पोरगा देवाजी मेश्राम. मिसरूड नुकतं फुटलेलं. साहेब तोफांचे डोळे आणि हा त्यांचा घसा. शिकवताना उस्तादानं पाठीत काठी घालून एकच गोष्ट पक्की करून घेतली होती: आवाज चढवायचा नाही. तुझा आवाज थरथरला की मागं तोफेवरचा हात थरथरतो.

त्या सकाळी समोरून हल्ला आला. आधी तोफगोळे. एक जवळ फुटला आणि तुकडा साहेबांच्या मांडीत घुसला. देवाजीनं रायफलचा पट्टा काढून मांडी आवळली. साहेब दातांवर दात ठेवून म्हणाले, "अब तू देख. तू बोल." पोरानं दुर्बीण उचलली. बघायचं यानंच, बोलायचंही यानंच! वायरलेसची उभी काठी, म्हणजे एरियल, लांबून दिसत होती, समोरचा मशीनगनवाला तिच्यावरच नेम धरून होता. काठी तुटली. वायरलेस मुकं झालं. मागं तोफा थांबल्या, कारण मारायचं कुठं ते सांगायला कुणी नाही. आणि समोर खाचरांतून माणसं उठून पळत यायला लागली!

भरावावर थोडं पुढं, उघड्यावर, रेल्वेच्या सिग्नलचा मोडका लोखंडी खांब होता. पोरानं एरियलसाठी सुटी तार घेतली, तिचं एक टोक वायरलेसला जोडलं, दुसरं दातांत धरलं आणि सरपटत निघाला. खांबाशी पोचला. उभा राहिला! सगळी मशीनगन एका माणसाकडं, आणि हा खांबावर पुरुषभर चढून तार बांधतोय. गोळ्या लोखंडावर आपटत होत्या.

"आवाज होता जरा," काका माईकमध्ये म्हणाले.

आवाज होता जरा! माणसा!

उतरून परत आला. "उजवीकडं पन्नास," बोलला. मागं तोफा पुन्हा सुरू झाल्या आणि हल्ला त्या खाचरांतच मोडला. भरावावरचे सगळे वाचले.

टॉवरवाल्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काकांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. त्यांनी एक श्वास घेतला.

"गोष्ट तिथं संपत नाही," ते म्हणाले. "मी स्ट्रेचर मागितलं होतं. साहेब जखमी, मांडीत तुकडा, रक्त थांबत नाही. असंच बोललो, आत्ता बोलतोय तसं. मागं वायरलेसवर सुभेदार होते. स्ट्रेचरवाले एकच जोडी होती. शेजारच्या तुकडीतला पोरगा वायरलेसवर रडत होता. सुभेदारांना वाटलं, मेश्राम आरामात बोलतोय, म्हणजे फार काही नसेल. स्ट्रेचर तिकडं गेलं. तिकडं जखम हाताची होती. आमच्याकडं आलं तेव्हा उन्हं उतरली होती. साहेबांचा पाय कापावा लागला."

काकांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"सुभेदारांनी मला खांद्याला धरून हलवलं. म्हणाले, बेटा, तू चिल्लाया क्यों नहीं? साहेब माझ्या लग्नाला आले होते, लाकडी पायावर. ते म्हणाले, तू ओरडला असतास तर तोफवाले बिचकले असते, आपण सगळेच मेलो असतो. दोघंही मोठी माणसं. कोणाचं खरं मानू, मला अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी तात्यांच्या खुर्चीवर हात ठेवला.

"यांच्यासाठी मी या गेटवर आलो होतो. हळू बोललो. तुम्ही म्हणालात, ओरडत नाही म्हणजे काही नाही. ही पोरगी वर्षभर ओरडते आहे. तुम्ही म्हणता, फार ओरडते. तेव्हा मला एवढंच सांगा, साहेब. तुम्ही शिकलेले आहात. स्ट्रेचर कोणत्या आवाजात मागायचं?"

आणि त्यांनी माईक पुढं धरला. उत्तरासाठी! वायरलेसवरचा माणूस तो. आपलं बोलणं संपलं की समोरच्याची पाळी. माईक हातभर पुढं धरून ते वाट बघत उभे राहिले, आणि समोर ती सगळी इस्त्रीची माणसं.

शेवटी चेअरमन म्हणाले, "हे बघा, हा आजच्या कार्यक्रमाचा विषय नाही."

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून, त्यांच्याच टॉवरमधून, एका आजींचा खणखणीत आवाज आला, "मग विषय काय आहे हो आजचा? जिलेबी?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मग त्यांच्यातलीच दोन माणसं उठली, गेटपाशी आली आणि तात्यांची खुर्ची रुळावरून उचलून आत घेतली, पहिल्या रांगेत. आम्ही सगळे मागोमाग गेलो. साउंडवाल्यानं विचारलं, वायर गुंडाळू का? काका म्हणाले, "चहा होऊ दे."

वायर संध्याकाळपर्यंत तिथंच होती. महिनाभर त्यांच्या बैठका चालल्या, भांडणं झाली, आजींनी आणखी काय काय ऐकवलं ते त्यांनाच माहीत. आणि गेटचं कुलूप निघालं. गेट अजून आहे. त्याच्यावर माझी पत्रकं निघतच राहतील. पण ते उघडं असतं, दिवसरात्र.

काका गेल्या थंडीत गेले. झोपेतच, कुणालाही न सांगता. त्या खांबावर चढल्याबद्दल त्यांना वेगळं पदक मिळालेलं नव्हतं. मी त्यावर पत्रक काढते म्हणाले तेव्हा त्यांनी मला हाकलून दिलं होतं, त्यामुळं हे पत्रक नाही.

त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुमाराला, दुपारी. वस्तीतल्या पिंकीला कळा सुरू झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्स गल्लीतून थेट तिच्या दारापर्यंत आली होती आणि तिला घेऊन परत निघाली होती. टॉवरच्या सावलीत आल्यावर ड्रायव्हरनं सायरन बंद केला. दुपारची वेळ, साहेबलोक झोपलेले असतील, असा त्याचा विचार. पुढं गल्लीत तेवढ्या वेळात कुणीतरी गाडी आडवी लावून गेलेलं. ड्रायव्हर नुसता बसून राहिला, गाडीचा मालक कधीतरी येईल म्हणून. हॉर्नसुद्धा वाजवेना.

मी मागून पळत येत होते. काका माझ्या पुढं होते. पायजमा, बनियन, पायात काही नाही. ॲम्ब्युलन्सच्या तोंडाशी जाऊन त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"सायरन लाव!"

तो आवाज मी ओळखलाच नाही. फाटलेला, चिरकलेला, कधीच न वापरलेला आवाज.

"लाव म्हणतो ना! बाळ येऊन राहिलं बाप्पा, काऊन लपवतो? लाव!"

ड्रायव्हरनं घाबरून बटण दाबलं. टॉवरच्या खिडक्या भराभर उघडल्या. कुणीतरी गाडीची किल्ली घेऊन जिन्यानं धावत आलं. आणि मेश्रामकाका एक हात उंच करून ॲम्ब्युलन्सच्या पुढं पळत सुटले, अनवाणी, ओरडत, सायरनच्याही वर ओरडत, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!"